महापुरानंतरचा हप्ता

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या रिकुझेनताकाता शहरात यागिसावा शोतेन ही सोया सॉस बनवणारी पेढी १८०७ सालापासून चालू होती. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत तिची लाकडी पिंपे, गोदाम, कारखाना आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेले विरजण, सगळे वाहून गेले. पुढे त्या विरजणाचा एक छोटा नमुना सापडला. त्सुनामीआधी तो संशोधनासाठी एका सरकारी संस्थेला दिलेला होता. त्यातून पुन्हा सॉस तयार व्हायला २०१४ उजाडले. वर्तमानपत्रांना विरजणाची गोष्ट फार आवडली, आणि ती आवडण्यासारखी आहेच. पण या पेढीच्या दुसऱ्या जन्मामागची पैशांची गोष्ट जास्त विचार करायला लावते.

टोकियोतल्या म्युझिक सिक्युरिटीज या कंपनीचा मूळ धंदा नवख्या संगीतकारांच्या अल्बमसाठी रसिकांकडून थोडेथोडे भांडवल जमवण्याचा. त्सुनामीनंतर सुमारे दीड महिन्यात तिने तीच रीत किनाऱ्यावरच्या उद्ध्वस्त कारखान्यांसाठी वापरली. एका वाट्याची किंमत १०,५०० येन. त्यातले ५,००० येन सरळ मदत, परत मागायचे नाहीत. ५,००० येन गुंतवणूक: धंदा पुन्हा उभा राहिला तर विक्रीतला ठरलेला हिस्सा पुढची काही वर्षे मिळत राहणार, उभा राहिलाच नाही तर मुद्दलाचीही हमी नाही. उरलेले ५०० येन कंपनीचे शुल्क. देशभरातल्या अनोळखी माणसांनी हे वाटे घेतले. यागिसावा शोतेन ही त्यातली सुरुवातीची एक लाभार्थी.

कायद्याच्या भाषेत हे कर्ज नव्हते. तरीही आपत्तीनंतर माणसाने माणसाला पैसे कसे द्यावेत, या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांपैकी हे एक शहाणे उत्तर म्हणावे लागेल. त्यातला शहाणपणा कुठे आहे हे कळायला आधी इतरांचे कुठे चुकले ते पाहावे लागते.

मध्ये बँक नको, ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने गरजवंताला थेट द्यावेत, ही कल्पना इंटरनेटवर २००५ च्या सुमारास रुजली. ब्रिटनमध्ये झोपा, अमेरिकेत प्रॉस्पर, आणि गरीब देशांतल्या छोट्या व्यावसायिकांसाठी पंचवीस-पंचवीस डॉलर बिनव्याजी गोळा करणारी किवा. पीअर-टू-पीअर कर्ज, बोलताना नुसते पी-टू-पी. नैसर्गिक आपत्ती हा या कल्पनेचा सर्वांत मोहक उपयोग वाटतो. पूर ओसरलेला असतो, बँकेच्या शाखेत गुडघाभर चिखल, कागदपत्रे भिजलेली, विम्याचा सर्व्हेअर आलेला नाही, तलाठ्याचा पंचनामा रांगेत. अशा वेळी पुण्यातली एखादी नोकरदार बाई फोनवर बोट टेकवून चिपळूणच्या बेकरीवाल्याला पाच हजार रुपये पाठवू शकते. यात वेग आहे, आपुलकी आहे, आणि घेणाऱ्याची मान खाली जात नाही, कारण तो दान घेत नाही, कर्ज घेतो.

हे सारे खरे. पण खरी अडचण पैसे पोचण्याच्या दिवशी येत नाही, ती सहाव्या महिन्यात येते. तोवर पुराची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून गेलेली असतात. बेकरीची भट्टी पेटली असेल, पण गिऱ्हाईक नाही, कारण गिऱ्हाईकही त्याच पुरात बुडालेले. हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला येतो. आपत्तीनंतरचे कर्ज किती लवकर मिळाले यावर आपण त्याची वाहवा करतो. पुढचे नुकसान कोणाच्या खात्यावर पडणार हे त्या करारात कसे लिहिले आहे, ते मात्र कोणी विचारत नाही. सगळे गाडे तिथेच अडते.

बांगलादेशात हे १९९८ मध्ये लख्ख दिसले. त्या वर्षीच्या महापुरात देशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग आठवडेच्या आठवडे पाण्याखाली होता. ग्रामीण बँकेच्या असंख्य सभासद बायकांची घरे, गाईगुरे, साठवलेले धान्य गेले. बँकेने पुढे होऊन नवी कर्जे दिली: घरासाठी, धंदा पुन्हा सुरू करण्यासाठी. हेतू उत्तम. पण जुनी कर्जे तशीच उभी होती. दोन्हींचे साप्ताहिक हप्ते एकदम डोक्यावर आल्यावर बायका बैठकांना येईनाशा झाल्या. पुढच्या दोन-चार वर्षांत बँकेला आपली सगळी पद्धत पुन्हा बांधावी लागली. अडचणीत आलेल्या सभासदाला हप्ता लहान आणि मुदत लांब करून घेण्याची सोय त्यातून आली. बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस यांनी हा इतिहास स्वतःच लिहून ठेवला आहे. जगाला सूक्ष्मकर्ज शिकवणाऱ्या संस्थेला पुराने शिकवलेला हा धडा.

जपानमध्ये याच दुखण्याला ‘दुहेरी कर्ज’ असे नाव पडले. घर समुद्रात गेले, घराचे कर्ज मात्र राहिले, आणि नव्या घरासाठी नवे कर्ज. ऑगस्ट २०११ पासून तिथल्या वित्तसंस्थांनी एक मार्गदर्शक चौकट लागू केली. दिवाळखोरी न पुकारता जुने कर्ज कमी करून घेता येईल, थोडी रक्कम हाताशी ठेवता येईल, आणि पतनोंदीत काळा शेरा बसणार नाही. जामीनदारालाही सहसा धरायचे नाही. नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहून आयुष्यभर हप्ते फेडणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या शेवटच्या कलमाची किंमत वेगळी सांगायला नको.

आपल्याकडे काय घडते? ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमधल्या मुंडक्काई आणि चूरलमला या वस्त्यांवर डोंगर कोसळला. वाचलेल्यांच्या खात्यात राज्य सरकारने तातडीचे दहा हजार रुपये जमा केले, आणि केरळ ग्रामीण बँकेने त्यातून थकलेले हप्ते वळते करून घेतले. ओरड झाली, निदर्शने झाली, पैसे परत करावे लागले. कदाचित कोणी ठरवून केलेले हे क्रौर्य नसेल. खात्यात पैसे आले, हप्त्याची आज्ञा संगणकात होती, संगणकाने ती पाळली. पण म्हणूनच हे उदाहरण अस्वस्थ करते, कारण पी-टू-पी मंचावर सगळा कारभारच संगणकाच्या हातात असतो. याच आपत्तीनंतर केरळच्या सहकारी क्षेत्रातल्या केरळ बँकेने आपल्या चूरलमला शाखेतली मृतांची आणि घर-जमीन गमावलेल्यांची कर्जे सोडून दिली. फरक कशाचा? शाखा त्याच गावातली होती आणि निर्णय घेणारी माणसे जवळ होती, हे त्यातले एक कारण धरायला हरकत नाही.

‘जवळ’ या गोष्टीला मात्र मर्यादा आहे, आणि ती समजावून देणारा पुरावा योगायोगाने बराचसा महाराष्ट्रातलाच आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७५ पासून काही खेड्यांतल्या घरांचे उत्पन्न, खर्च, देणेघेणे यांची बारीक नोंद ठेवली. तेव्हाच्या आंध्रातले, आता तेलंगणातले औरेपल्ली, सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि अकोल्याकडचे कानझरा. रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये या नोंदींवरून दाखवले की एखाद्या घराचे उत्पन्न कोसळले तरी त्याचे खाणेपिणे त्या प्रमाणात कोसळत नाही. ते गावाच्या सरासरीबरोबर चढते-उतरते. हातउसने, दुकानातली उधारी, नातेवाइकांचा आधार, साठवलेले धान्य, या सगळ्यांनी मिळून एकट्याचे संकट गावभर पातळ केलेले असते. कोणा विमा कंपनीने हे जाळे विणलेले नाही. सावडीला जाणारे, भिशी लावणारे, लग्नात आहेराची वही ठेवणारे गाव हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहे.

पण गावाची सरासरीच बुडाली तर? एकाचा बैल मेला तर शेजारी उभा राहतो. दुष्काळात आणि महापुरात शेजाऱ्याचाही बैल गेलेला असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूरजवळची आंबेवाडी आणि चिखली पाण्यात गेली, तेव्हा पंचगंगेने बचत गटाची सभासद कोण आणि जामीनदार कोण हे पाहिले नाही. दहा बायका एकमेकींना हमी राहतात, ही गटकर्जाची सारी मदार. पण पाणी दहाही घरांत शिरले तर ती हमी कागदावरच राहते. उलट एकीचा हप्ता चुकला म्हणून नऊजणींनी तिच्या दारात बसायचे, ही अपमानाची सोय तेवढी शिल्लक उरते. केरळने २०१८ च्या पुरानंतर यातून एक वाट काढली. कुडुंबश्री या महिला गटांच्या जाळ्यातल्या शेजारगटांमार्फत पूरग्रस्त घरांना एक लाखापर्यंत कर्ज, आणि व्याज सरकारचे. कोणाचे काय बुडाले हे गटाला माहीत होते आणि भार बाहेरच्याने उचलला.

इथे कोडे नीट मांडता येते. जवळच्याला माहिती असते, पण त्याच्याकडे पैसे नसतात. दूरच्याकडे पैसे असतात, माहिती नसते. आपत्तीनंतरच्या पी-टू-पी कर्जाचा कोणताही प्रयोग या दोन टोकांना कसा जोडतो, यावरच तो तोलायला हवा.

दूरच्या माणसाची दृष्टी कशी फसते याचे पुरावे भरपूर आहेत. २००८ च्या फेब्रुवारीत रवांडातल्या किवू सरोवराजवळ भूकंप झाला, तेव्हा देशभरातल्या लोकांनी भूकंपग्रस्त भागातल्या ओळखीच्यांना मोबाइलचा टॉकटाइम पाठवला. ब्लूमेनस्टॉक, ईगल आणि फाफशां या संशोधकांनी त्या सगळ्या नोंदी तपासल्या. मदत गेली हे खरे, आणि ते मनाला उभारी देणारे आहे. पण ती अधिक करून तुलनेने सुस्थितीतल्या लोकांकडे गेली, आणि ज्यांनी पूर्वी स्वतः कोणाला काही पाठवले होते त्यांच्याकडे. ज्याची कुठे ओळख नव्हती त्याचा फोन वाजला नाही. प्रॉस्परवरच्या सुरुवातीच्या काळातल्या कर्जमागण्यांचा पोप आणि सिडनर यांनी अभ्यास केला. पतमान सारखे असूनही कृष्णवर्णीय चेहऱ्याचे छायाचित्र लावलेल्या मागणीला पैसे मिळण्याची शक्यता २५ ते ३५ टक्क्यांनी कमी होती. मंचावर छायाचित्र टाकायचे म्हटले की गरज दिसण्याऐवजी चेहरा दिसू लागतो. महापुरानंतर हेच घडणार: रडणारी म्हातारी, हसरी विणकर मुलगी यांना पैसे, टपरी वाहून गेलेला, तापट दिसणारा मध्यमवयीन पानवाला मागे.

किवाचे प्रकरण याहून बोधप्रद. आपण निवडलेल्या बाईलाच आपले पंचवीस डॉलर जातात, असे देणाऱ्यांना वाटत असे. २००९ मध्ये डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने दाखवून दिले की बहुतेक वेळा त्या बाईला स्थानिक संस्थेने आधीच कर्ज दिलेले असते, देणाऱ्याचे पैसे त्या संस्थेच्या तिजोरीत जातात, आणि बाई संस्थेला व्याजही भरते. अनेकांना फसवल्यासारखे वाटले. किवाला आपली भाषा बदलावी लागली. पण शांतपणे पाहिले तर रूडमन यांनी उघड केलेली व्यवस्था खोट्या जाहिरातीपेक्षा चांगली होती. गावातली संस्था आधी पारखून कर्ज देते आणि दूरचा माणूस मागाहून तिचा भार उचलतो, हेच तर हवे आहे. मध्यस्थ नको, ही पी-टू-पीची घोषणाच आपत्तीच्या वेळी सर्वांत कमी उपयोगाची. मध्यस्थ हवा, तो गावातला हवा.

तो कसा असतो हे पाहायला फार लांब जायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हे काम संघटित केले. कोणाची भिंत खरोखर पडली, कोणाला सिमेंट मिळाले, कोण नुसता यादीत आहे, हे या बायकांना बसल्या जागी ठाऊक असे. त्याच महिला मंडळांतून पुढे बचत-कर्ज गट वाढले, आणि २००१ च्या भूकंपानंतर यातल्या काही बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांना शिकवून आल्या. तेव्हा हा मध्यस्थ नव्याने घडवण्याची गरज नाही.

आता कराराकडे. उत्तर नायजेरियात झारिया शहराजवळच्या चार खेड्यांत ख्रिस्तोफर उड्री याने १९८८-८९ मध्ये उसनवारीचा पाठपुरावा केला. तिथे कागद नाही, तारण नाही, बहुतेकदा परतफेडीची तारीखसुद्धा ठरलेली नाही. शहरी बँकरला हा निव्वळ गबाळेपणा वाटेल. उड्रीला त्यात एक नेमका नियम सापडला. घेणाऱ्याच्या शेतावर संकट आले तर तो कमी परत करतो आणि सावकाश करतो. आणि देणाऱ्यावर संकट आले तर घेणाऱ्याने त्याला जास्त परत करायचे. म्हणजे दोघेही एकमेकांचा विमा. कर्ज आणि विमा या आपण वेगवेगळ्या कचेऱ्यांत ठेवलेल्या गोष्टी त्या खेड्यांनी एकाच व्यवहारात गुंफल्या होत्या. अर्धी मदत आणि विक्रीवर अवलंबून असलेला अर्धा हिस्सा ही जपानी युक्ती याच जातीची. फक्त जपानमध्ये देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नव्हते, म्हणून नियम कागदावर लिहावा लागला.

भारतात तो लिहिता येईल का? रिझर्व्ह बँकेने पी-टू-पी मंचांसाठी ४ ऑक्टोबर २०१७ रोजी नियम केले. एका देणाऱ्याने एका घेणाऱ्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये, घेणाऱ्याने सगळ्या मंचांवर मिळून १० लाख, मुदत ३ वर्षांपर्यंत, तारण नाही. हा धंदा पुढे भलतीकडेच गेला. ठरावीक परतावा, हवे तेव्हा पैसे काढा, अशा जाहिराती करून काही मंचांनी त्याची मुदतठेव करून टाकली. १६ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने हे बंद केले: परताव्याची हमी नाही, मधेच पैसे काढण्याची सोय नाही, बुडाले तर मुद्दल-व्याज दोन्ही देणाऱ्याचे. मंच चिडले, काहींनी गाशा गुंडाळायला घेतला. पण आपत्तीच्या दृष्टीने पाहिले तर या नियमाने देणाऱ्याला पुन्हा त्याच्या जागी बसवले. धोका माझा नाही, असे म्हणणारा माणूस ठेवीदार असतो. महापुरात त्याचा काही उपयोग नाही.

अडचण दुसरीकडे आहे. पीक ३३ टक्के किंवा त्याहून अधिक गेले असेल तर बँकेला कर्जाचे पुनर्गठन करता येते, हप्ते पुढे ढकलता येतात. तशी व्यवस्था रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली आहे. मंचावरचे दोन लाखांचे कर्ज वीस-पंचवीस अनोळखी लोकांत वाटलेले असते. हप्ता सहा महिने थांबवायचा हे कोण ठरवणार? पंचवीस लोकांची सभा भरत नाही. मग यंत्रणा तिला जे माहीत आहे तेच करते: थकबाकी, दंड, पतनोंदीत शेरा. पुढच्या वर्षी ट्रॅक्टरसाठी बँकेत गेलेल्या माणसाला कळते की महापुराने घर नेले तेव्हा त्याची पतही नेली.

म्हणून सवलत कराराच्या पहिल्या पानावरच हवी, आणि ती कोणाच्या मर्जीवर नको. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. घेणाऱ्याच्या मंडळात अशी नोंद झाली की हप्ते आपोआप थांबतील आणि मुदत तेवढी लांबेल, असे कलम घालणे काही अवघड नाही. अर्थात पर्जन्यमापकावर सगळे सोडता येत नाही. सीना किंवा कृष्णा फुगते ती वरच्या पावसाने आणि धरणाच्या विसर्गाने. खालच्या गावात थेंब न पडताही घर बुडते. तिथे गावातल्या गटाचा शब्द धरावा लागेल. अशा कलमामुळे लोक पैसे बुडवायला सोकावतील, हा आक्षेप येणारच. नोंद आकाशाची असेल आणि साक्ष शेजारणीची, तर बुडवणे वाटते तितके सोपे राहणार नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे करार पुराच्या आधी व्हावा. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने निवडक शाखांतल्या सभासदांना आधीच कळवले की पूर आला तर तुम्हाला कर्ज मंजूर आहे, पुन्हा अर्ज नको. ग्रेगरी लेन या अर्थशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून दिसले ते असे की नुसत्या या आश्वासनाने शेतकऱ्यांनी पुराआधीच जास्त जमीन लागवडीखाली आणली, आणि संस्थेची वसुलीही बिघडली नाही. पैसे हातात पडण्याआधीच त्यांनी काम सुरू केले होते. आपत्तीनंतर भावनेच्या भरात जमवलेल्या पैशाला हे कधीच जमणार नाही.

मग सरळ दानच का करू नये, असेही कोणी म्हणेल. काही ठिकाणी तेच करावे. ज्या घरातला कर्ता गेला, ज्या मजुराकडे परतफेड करण्याजोगे काही उरलेच नाही, त्याच्यापुढे कर्जाचा अर्ज धरणे हे क्रौर्य आहे, मग तो अर्ज कितीही बिनव्याजी असो. आणि सरकारने या मंचांकडे बोट दाखवून आपले अंग काढून घ्यावे असेही होता कामा नये. ही भीती हवेतली नाही. मोठ्या आपत्तीत कर्जफेडीत सवलतीची शिफारस करण्याचा अधिकार आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १३ व्या कलमात होता. २०२५ च्या दुरुस्तीत ते कलमच वगळले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात शेतेच्या शेते खरवडून गेली. पण दान बेकरीवाल्याला पीठ देईल, नवी भट्टी क्वचितच देईल. मधल्या माणसांसाठी, जे कोलमडले आहेत पण संपलेले नाहीत, लवचीक कर्ज हेच जास्त कामाचे.

कोकणातल्या गावांकडे अशा कर्जासाठी लागणारी दोन्ही टोके आधीपासून आहेत. मुंबईतली ग्रामस्थ मंडळे दूर असतात, पुराच्या आवाक्याबाहेर. आणि कोणाच्या घरात किती पाणी शिरले हे त्यांना त्याच रात्री फोनवर कळते. एरवी ती वर्गणी काढतात, देऊळ बांधतात, शाळेला बाके देतात. त्यांनी नोंदणीकृत मंचामार्फत आपल्याच वाडीतल्या दुकानदारांना लवचीक हप्त्याचे कर्ज आधीच मंजूर करून ठेवले, तर कोड्याचा बराच भाग सुटतो. ज्यांचा मुंबईत कोणी चाकरमानी नाही, त्या बीड-धाराशिवच्या ऊसतोड कुटुंबांचा आणि शहरातल्या नदीकाठच्या झोपडपट्ट्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. रवांडातल्या न वाजलेल्या फोनसारखी त्यांची स्थिती. अनोळखी देणाऱ्यांच्या मंचाची खरी गरज त्यांनाच आहे, आणि आज मंचांच्या गणितात सर्वांत खाली तेच आहेत, कारण त्यांच्या नावावर पतमान नाही आणि पगाराची चिठ्ठी नाही. त्यांच्या वस्तीतल्या बचत गटाची वही पतमान म्हणून धरायला, आणि करार मे महिन्यात, पावसाच्या आधी करायला एखादा मंच तयार असेल, तर पहिल्या पंचवीस देणाऱ्यांना शोधायला फार वेळ लागू नये.